व्हिडिओ गेममधील अचिव्हमेंट: इतिहास, प्रयोजन आणि ६८ शिवलिंगांचा प्रश्न

पार्क चौक (धागाकर्ता)

आमच्या परिचयातील अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेवर आधारित एक छोटा मोबाइल गेम तयार करीत आहेत. खेळणाऱ्याने सोलापूरच्या परिसरातील ६८ लिंगांचे दर्शन घेत जुन्या शहराचा नकाशा हळूहळू उलगडावा, अशी त्याची रचना आहे. प्रत्येक लिंगासाठी एक याप्रमाणे ६८ अचिव्हमेंट्स ठेवाव्यात की नाही, यावरून त्यांच्यात दोन तट पडले आणि तो वाद माझ्यापर्यंत आला. उत्तर देण्यापूर्वी ही पद्धत मुळात आली कुठून आणि ती कोणाच्या सोयीसाठी आहे, हे तपासावे असे वाटले, म्हणून हा धागा.

प्रथम एक भेद स्पष्ट करतो. गुण, नाणी, पुढची पातळी या गोष्टी खेळाच्या आतल्या असतात. खेळ बंद झाला की त्यांना बाहेर कोणी विचारत नाही. अचिव्हमेंट ही खेळणाऱ्याच्या खात्यावर राहणारी नोंद असते. गेम काढून टाकला तरी ती टिकते आणि इतरांना दिसते. माझ्या मते या पद्धतीचा सगळा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो: तुम्ही केलेल्या पराक्रमाला साक्षीदार कोण?

दुकानात नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या, म्हणजे आर्केडच्या, काळात साक्षीदार म्हणजे यंत्राभोवती उभे असलेले लोक. १९७८ साली टायटो कंपनीच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ने सर्वोच्च गुणसंख्या पडद्यावर कायम दाखवायला सुरुवात केली, तेव्हा खेळणारा प्रथमच समोर नसलेल्या माणसाशी स्पर्धा करू लागला. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘स्टार फायर’मध्ये स्वतःची आद्याक्षरे नोंदवण्याची सोय झाली आणि त्याच वर्षीच्या ‘ॲस्टेरॉइड्स’मुळे तीन अक्षरांची ती यादी सर्वांच्या परिचयाची झाली. मात्र अनेक यंत्रांतील ही यादी वीज जाताच पुसली जाई, शिवाय ती त्या एका दुकानापुरतीच असे. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या ऑटमवा गावी वॉल्टर डे यांनी १९८१ मध्ये ‘ट्विन गॅलॅक्सीज’ नावाचे आर्केड उघडले आणि १९८२ पासून ठिकठिकाणचे उच्चांक एकत्र नोंदवण्यास प्रारंभ केला. म्हणजे साक्ष देणारी एक संस्थाच उभी राहिली.

घरात बसून खेळणाऱ्याची अडचण निराळी होती. त्याचा पराक्रम पाहणारे कोणीच नसे. ही अडचण ॲक्टिव्हिजन कंपनीने फार सुरेख रीतीने सोडवली. टीव्हीला जोडून खेळायच्या अटारी २६०० या यंत्रावरच्या त्यांच्या गेममध्ये ठरावीक गुण मिळवले, की टीव्हीच्या पडद्याचे छायाचित्र काढून टपालाने कंपनीकडे पाठवायचे आणि त्या बदल्यात कंपनी एक भरतकाम केलेला कापडी बिल्ला पाठवीत असे. १९८२ सालच्या ‘पिटफॉल’साठी ही मर्यादा २०,००० गुणांची होती. यातली एक गोष्ट मला विशेष वाटते. ॲक्टिव्हिजन १९७९ साली स्थापन झाली ती अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांमुळे, आणि आपण केलेल्या गेमवर आपले नाव येत नाही, ही त्यांच्या नाराजीची एक मोठी बाजू होती. कर्त्याचे नाव जाहीर व्हावे म्हणून भांडलेल्या मंडळींनीच खेळणाऱ्याच्या पराक्रमालाही दाद द्यावी, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

आजची पद्धत सुरू झाली ती मात्र नोव्हेंबर २००५ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रासोबत. मायक्रोसॉफ्टने दोन गोष्टी केल्या. अचिव्हमेंट प्रत्येक गेमला सक्तीची केली आणि सर्व गेममधील गुणांची बेरीज ‘गेमरस्कोअर’ या एका आकड्यात दाखवली. दुकानात विकल्या जाणाऱ्या मोठ्या गेमला १,००० गुण आणि डाउनलोड करण्याच्या छोट्या आर्केड गेमला २०० गुण, असा प्रारंभीचा हिशेब होता. बिल्ला त्या त्या गेमचा असे. हा आकडा माणसाचा झाला. त्यानंतर २००७ मध्ये संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात आणि जुलै २००८ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन ३ वर ट्रॉफीच्या रूपाने हीच कल्पना आली. सोनीने जानेवारी २००९ पासून नव्या गेमना ती सक्तीची केली. फोनवर ॲपलचे गेम सेंटर २०१० मध्ये आणि गूगल प्ले गेम्स २०१३ मध्ये आले.

आता प्रयोजनाविषयी. कंपन्या सांगतात, की अचिव्हमेंटमुळे खेळण्यात रंगत वाढते. ते खरेही असेल. परंतु ज्या माणसाच्या खात्यावर हजारो गुण साठले आहेत तो दुसऱ्या कंपनीचे यंत्र घ्यायला सहजासहजी तयार होत नाही, कारण ते गुण तिकडे नेता येत नाहीत. साक्षीदार आता शेजारी उभा असलेला मित्रही नाही आणि टपाल उघडणारा कारकूनही नाही. साक्षीची वही ज्याच्या मालकीची, त्याच्याच दारात आपण बांधले जातो. विद्यार्थ्यांच्या छोट्या गेमला असे कोणाला बांधून ठेवण्याचे कारण नाही. मग त्यांनी ही पद्धत का घ्यावी, आणि घेतली तर कशी?

---

विजापूर वेस

लेख माहितीपूर्ण आहे. मात्र हा सगळा इतिहास अमेरिकेतील दिवाणखान्यांचा आहे. आपल्याकडचा अनुभव जोडतो, कारण मी काही वर्षे नेट कॅफे चालवला आहे.

नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आलेला ‘टीव्ही गेम’ आणि त्याची कॅसेट आठवा. कॅसेटवर शेकडो, हजारो गेमचा आकडा छापलेला असे आणि आत तेच ते मोजके गेम फिरून फिरून येत. त्यात काही जतन होत नसे. नंतर नेट कॅफेत मुले तासाच्या हिशेबाने ‘व्हाइस सिटी’ आणि ‘काउंटर स्ट्राइक’ खेळू लागली, तेव्हाही संगणक सगळ्यांचा सामाईक असल्यामुळे एकाने जतन केलेला खेळ दुसरा पुढे नेई. कोणाच्या नावावर काय, हा प्रश्नच उद्भवत नसे. गेम बहुतेक क्रॅक केलेले, म्हणजे विकत न घेता चोरून चालवलेले होते, हेही लपवण्यात अर्थ नाही. एक्सबॉक्स ३६० भारतात २००६ च्या सप्टेंबरात आला. परंतु गेमरस्कोअरसाठी स्वतःचे खाते, घरात इंटरनेट आणि गेमची विकत घेतलेली प्रत हवी, आणि आमच्या गिऱ्हाइकांपैकी या तिन्ही गोष्टी जवळ असलेला मुलगा मला आठवत नाही.

म्हणून धागाकर्त्यांच्या मांडणीत मी एक भर घालीन. अचिव्हमेंट ही पराक्रमाची साक्ष आहेच. पण त्याआधी ती खरेदीची साक्ष आहे. पायरेटेड प्रत वापरणाऱ्याला गेम तोच खेळता येई, शेवटही तोच पाहता येई; त्याच्या खात्यावर मात्र काही जमा होत नसे. स्टीमवर २०१५ च्या अखेरीस रुपयांत किमती दिसू लागल्या आणि नंतर अनेक जुन्या खेळाडूंनी पूर्वी क्रॅक करून पूर्ण केलेले गेम सवलतीत पुन्हा विकत घेतले. त्यांपैकी काहींनी मला स्पष्ट सांगितले, की तो गेम आपल्या नावावर पूर्ण झालेला दिसावा, एवढ्यासाठीच त्यांनी पैसे खर्च केले. कंपन्यांच्या दृष्टीने यापेक्षा स्वस्त पहारेकरी कोणता असणार?

---

जुळे सोलापूर

मी पुण्यातील एका गेम कंपनीत काम केले आहे आणि सध्या इथूनच काम करतो. बनवणाऱ्याची बाजू मांडतो.

अचिव्हमेंटचा एक उपयोग खेळणाऱ्याला सहसा दिसत नाही. स्टीमवर कोणती अचिव्हमेंट किती टक्के लोकांनी मिळवली, हे सर्वांना पाहता येते. पहिले प्रकरण संपल्यावर एक, मध्यावर एक आणि शेवटी एक अशा तीन अचिव्हमेंट्स ठेवल्या, की लोक गेम कुठे सोडून देतात ते वेगळी यंत्रणा न उभारता कळते. स्वतःच्याच नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याच्या गेमविषयीही कळते. कोणताही कथाप्रधान गेम काढून पाहा. शेवटच्या प्रकरणाची टक्केवारी पहिल्याच्या मानाने बरीच घसरलेली आढळेल. आपण ज्या शेवटासाठी सर्वाधिक श्रम घेतले तो बहुसंख्य गिऱ्हाइकांनी पाहिलेलाच नाही, ही गोष्ट पहिल्यांदा पाहताना जिव्हारी लागते.

दुसरा उपयोग म्हणजे खेळणाऱ्याला वेगळ्या वाटेने जायला सुचवणे. याचे माझे आवडते उदाहरण व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘हाफ-लाइफ २: एपिसोड टू’मधले आहे. त्यात बागेत ठेवायचा एक बुटका पुतळा सुरुवातीच्या भागात सापडतो आणि तो संपूर्ण गेमभर सांभाळून नेऊन शेवटी रॉकेटमध्ये ठेवला, की ‘लिटल रॉकेट मॅन’ ही अचिव्हमेंट मिळते. पुतळा हातात असताना शस्त्र चालवता येत नाही, गाडीतून तो सारखा बाहेर पडतो. केवळ एका वाक्याच्या सूचनेने लढाईच्या गेमचे रूपांतर ओझे वाहण्याच्या गेममध्ये झाले. अशी एक चांगली अचिव्हमेंट सुचणे हे एक नवे प्रकरण लिहिण्याच्या तोडीचे काम आहे, असे मी मानतो.

याच्या उलट उदाहरणही त्याच कंपनीचे आहे. ‘टीम फोर्ट्रेस २’मध्ये एप्रिल २००८ च्या सुधारणेत वैद्याच्या भूमिकेसाठी नव्या अचिव्हमेंट्स दिल्या आणि त्या ठरावीक संख्येने मिळवल्या तरच नवी हत्यारे मिळतील असे ठरवले. परिणाम असा झाला, की जो तो वैद्य होऊ लागला आणि सोबत्यांवर उपचार करण्याऐवजी आपापली यादी पुरी करू लागला. काहींनी केवळ अचिव्हमेंट उरकण्यासाठी वेगळे सर्व्हर उघडले. तिथे दोन्ही संघ गुण्यागोविंदाने एकमेकांना मदत करीत! पुढच्या वर्षी कंपनीने खेळता खेळता आपोआप वस्तू मिळण्याची पद्धत आणली. अचिव्हमेंटला खेळातले बक्षीस जोडले, की लोक खेळ सोडून बक्षिसाच्या मागे लागतात, हे त्या प्रकरणातून दिसते.

---

बाळीवेस

मी गेम खेळत नाही. मुलांना शिकवण्यात आयुष्य गेले. तरीही इथे लिहावेसे वाटले, कारण हा प्रश्न आमच्या क्षेत्रात फार जुना आहे.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील मुलांवर केलेला प्रयोग शिक्षणशास्त्रात प्रसिद्ध आहे. रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले त्यांनी निवडली. एका गटाला चित्र काढल्यास सोनेरी ठसा व फीत असलेले प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले. दुसऱ्या गटाला काही न सांगता नंतर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढे मुक्त वेळेत पाहिले असता, आधी आमिष दाखवलेल्या गटातील मुले इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढीत होती. आवडीचे काम बक्षिसासाठीचे काम झाले आणि बक्षीस संपताच कामही संपले.

गेमच्या क्षेत्रातील जाणकारांनाही ही शंका सतावत होती, असे माझ्या वाचनात आले. क्रिस हेकर या गेम-रचनाकाराने २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये अचिव्हमेंट्स घातक तर नाहीत ना, असा प्रश्न शीर्षकातच विचारून व्याख्यान दिले होते आणि त्यात याच प्रकारच्या संशोधनाचा आधार घेतला होता.

परंतु या प्रयोगातील दुसऱ्या गटाकडे सहसा दुर्लक्ष होते, म्हणून मुद्दाम सांगते. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड कमी झाली नाही. घातक ठरले ते आधी कबूल केलेले बक्षीस. आपल्या गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, रिंगा टाकून वस्तू जिंकायच्या दुकानात मांडलेले बक्षीस बघूनच माणूस पैसे काढतो, आणि ते मिळाले की त्या दुकानासमोर क्षणभरही थांबत नाही. विद्यार्थ्यांनी काही द्यायचेच असेल, तर ते आधी मांडून ठेवू नये, ओघात मिळावे.

आणखी एक गोष्ट वयाच्या अधिकाराने सांगते. लिंगाच्या दर्शनाला गुण जोडणे मला रुचत नाही. मुलांनी परिसर हिंडावा, जुनी नावे शिकावीत, यासाठी गेम असेल तर उत्तमच. परंतु ‘दर्शन झाले, १० गुण’ अशी पाटी पडद्यावर झळकू नये.

---

रात्रपाळी

बाईंच्या प्रतिसादाचा आदर राखून असहमती नोंदवतो. मी प्लेस्टेशनवर ट्रॉफी गोळा करतो आणि त्याबद्दल मला कोणताही संकोच नाही.

बालवाडीतील मुले आणि दिवसभराच्या कामानंतर रात्री खेळायला बसलेला प्रौढ माणूस यांत फरक आहे. मी एखादा गेम प्रथम यादीकडे न पाहता पूर्ण करतो. तो आवडला तरच यादी उघडतो आणि दुसऱ्या फेरीत त्याचे कानेकोपरे धुंडाळतो. म्हणजे ट्रॉफीमुळे माझी आवड कमी होत नाही. आवड असते म्हणूनच ट्रॉफीकडे वळतो. सोनीने कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि सर्व मिळवल्यावर प्लॅटिनम अशी उतरंड केली, ती मला एक्सबॉक्सच्या नुसत्या आकड्यापेक्षा अधिक समजूतदार वाटते, कारण प्लॅटिनम म्हणजे ‘हा गेम मी पुरता जाणला’ असे म्हणता येते. गेम-अभ्यासक रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले होते. त्यांत मिळवणारे आणि धुंडाळणारे हे दोन वेगळे होते. माझ्यासारख्यांच्या बाबतीत पहिल्याची यादी दुसऱ्याला वाट दाखवते.

बाकी, पद्धतीचा बाजार झाला आहे हे मान्य. २००७ मध्ये ‘अवतार: द बर्निंग अर्थ’ या गेममध्ये पूर्ण १,००० गुण पाच मिनिटांच्या आत मिळत, म्हणून लोक तो खेळायला नव्हे, तर गुणांसाठी मिळवीत. खोट्या मार्गाने गुण वाढवणाऱ्यांचा गेमरस्कोअर मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये शून्यावर आणला आणि त्यांच्या खात्यावर फसवणुकीचा शिक्का मारला. आकड्याला समाजात किंमत असल्याशिवाय असली शिक्षा कोण देईल? स्टीमवर तर हजारो अचिव्हमेंट्स वाटणारे टाकाऊ गेम निघाले. अखेर २०१८ मध्ये स्टीमने पुरेसा विश्वास न मिळवलेल्या गेमला १०० अचिव्हमेंट्सची मर्यादा घातली आणि त्या खात्याच्या एकूण मोजणीत धरणे बंद केले.

या सगळ्याची थट्टाही झाली आहे. २०१३ च्या ‘द स्टॅन्ली पॅरेबल’मधील एक अचिव्हमेंट तो गेम पाच वर्षे न खेळल्याबद्दल मिळते. २०२२ च्या नव्या आवृत्तीत ही मुदत दहा वर्षांची झाली. काही महाभागांनी संगणकाचे घड्याळ पुढे सरकवून तीही मिळवली, हे वेगळे सांगायला नको.

---

टेंभुर्णीकर

निन्टेन्डो या गेम-कंपनीचा उल्लेख अद्याप कोणी केलेला नाही. त्यांच्या स्विच यंत्रावर सर्व गेमना लागू होणारी अचिव्हमेंट पद्धतच नव्हती आणि तरीही त्यांचे खेळाडू कोपरान्‌कोपरा धुंडाळत होते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये कोरोक नावाच्या वनदेवतांची ९०० बीजे लपवलेली आहेत. थोडी बीजे मिळाली, की सामान ठेवायची जागा वाढते; परंतु सगळीच्या सगळी ९०० गोळा करणाऱ्याला शेवटी मिळते ती सोनेरी विष्ठेच्या आकाराची एक निरुपयोगी वस्तू. रचनाकारांचे म्हणणे त्यात उघड आहे: सगळी शोधावीत अशी आमची अपेक्षाच नव्हती, वाटेत भेटत राहावीत म्हणून एवढी पेरली. ६८ च्या प्रश्नाला हे उदाहरण सर्वांत जवळचे वाटते.

---

पार्क चौक (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. विजापूर वेस यांचा खरेदीच्या साक्षीचा मुद्दा माझ्या मूळ मांडणीपेक्षा नेमका आहे. बाईंचा आक्षेप विद्यार्थ्यांना वाचून दाखवला. त्यांच्यातील एका गटाचे म्हणणे असे, की गुण दिसू न देता केवळ नोंद ठेवता येईल का? जुळे सोलापूर, यावर तांत्रिक उत्तर द्यावे, ही विनंती.

---

जुळे सोलापूर

गूगल प्ले गेम्सची व्यवस्था वापरायची असल्यास गुण पूर्णपणे टाळता येत नाहीत. तिथे एका गेमला एकूण १,००० गुणांची मर्यादा आहे, एका अचिव्हमेंटला २०० पेक्षा अधिक देता येत नाहीत आणि गुण पाचच्या पटीत असावे लागतात. ६८ स्थळांना प्रत्येकी १५ दिले तर बेरीज १,०२० होते आणि मर्यादा ओलांडते. प्रत्येकी १० दिले तर ६८० तिथेच संपतात आणि बाकी सगळ्यांसाठी ३२० उरतात. ॲपलच्या गेम सेंटरवरही एकूण १,००० चीच मर्यादा आहे आणि अचिव्हमेंट्स १०० पर्यंतच ठेवता येतात.

माझा सल्ला असा आहे. ६८ वेगळ्या अचिव्हमेंट्स करू नयेत. गूगलच्या व्यवस्थेत टप्प्याटप्प्याने भरत जाणारी अचिव्हमेंट करता येते. तशी ६८ टप्प्यांची एकच ठेवावी. प्रत्येक स्थळाची नोंद गेमच्या आतल्या नकाशावर राहू द्यावी; तिथे गुणही नकोत आणि पाटीही नको. त्याखेरीज मोजक्या अचिव्हमेंट्स गुप्त ठेवाव्यात. त्यांचे शीर्षक मिळेपर्यंत दिसत नाही, त्यामुळे बाईंनी सांगितलेल्या दुसऱ्या गटाची स्थिती काही प्रमाणात साधते. याद्या इंटरनेटवर फुटतात हे खरे, परंतु एवढ्या लहान गेमची यादी फोडायला कोणी वेळ काढणार नाही. या गुप्त अचिव्हमेंट्स दर्शनाला न जोडता वागण्याला जोडाव्यात: नंदीध्वजाची (यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या उंच काठीची) मिरवणूक अडवू न देता वाट मोकळी करणे, एखादे स्थळ नकाशा न उघडता शोधणे, सातही नंदीध्वज एकाच वेळी पडद्यावर येतील अशी जागा पकडणे. आणि कृपा करून ‘गेम सुरू केला’ याबद्दल अचिव्हमेंट देऊ नये.

---

रात्रपाळी

नकाशा न उघडता स्थळ शोधण्याची कल्पना उत्तम आहे. त्यासाठी मी हा गेम नक्की उतरवून घेईन. ६८ टप्प्यांच्या अचिव्हमेंटला मात्र भरपूर गुण ठेवावेत, निदान १५०. एवढे फिरून ५ गुण मिळाले तर माणूस चिडेल.

---

बाळीवेस

वागण्याला जोडलेल्या अचिव्हमेंट्स मला मान्य आहेत. एक सूचना करते. शीर्षके आणि वर्णने मराठीबरोबर कन्नड व तेलुगूतही असावीत, कारण यात्रेला येणारी बरीच मुले घरी त्या भाषा बोलतात.

---

पार्क चौक (धागाकर्ता)

प्रत्येक अचिव्हमेंटचा मजकूर अनेक भाषांत देण्याची सोय गूगलच्या व्यवस्थेत आहे, असे विद्यार्थ्यांनी पाहून सांगितले. ६८ टप्प्यांची एक आणि नऊ गुप्त, असा आराखडा त्यांनी स्वीकारला आहे. मोठीला १५० गुण ठरले आहेत. मराठी मजकूर तयार होत आला आहे. कन्नड आणि तेलुगू मजकूर तपासून देण्यास कोणी तयार असल्यास येथेच कळवावे. वर्णने प्रत्येकी एकाच वाक्याची आहेत.